काजळ आणि डाळीचं पीठ

अमेरिकेला निघताना बाकीच्या बायका कुकर आणतात, मसाल्याचा डबा आणतात, फार तर अन्नपूर्णेची पितळी मूर्ती. माझ्या आईनं हे सगळं आणलंच, आणि वर वेशभूषेचं एक बोचकं आणलं. बॅगांचं वजन जास्त भरलं तेव्हा बाबा काकुळतीला येऊन म्हणाले, अगं, तिथे कोण घेणार आहे तुझी फॅन्सी ड्रेस स्पर्धा? पण आईनं लोणच्याची बरणी बाहेर काढून ठेवली आणि बोचकं आत कोंबलं. कोळणीचं हिरवं लुगडं, वासुदेवाची मोरपिसांची टोपी, पुठ्ठ्याची तलवार, कापसाच्या दाढ्या, काळ्या मण्यांच्या माळा, असा सगळा संसार त्यात होता. नागपूरला आमच्या कॉलनीच्या गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, महिला मंडळाच्या कोजागिरीला, जिथे म्हणून वेशभूषा स्पर्धा असेल तिथे आई आम्हा दोघी बहिणींना नटवून उभी करायची आणि बक्षिसाचा स्टीलचा डबा घेतल्याशिवाय घरी यायची नाही. आमच्या स्वयंपाकघरातले निम्मे डबे माझ्या आणि केतकीच्या कमाईचे होते.

केतकी माझी धाकटी बहीण, बाबांसारखी गोरीपान. ती कायम राधा व्हायची, परी व्हायची, एकदा जिजामाताही झाली. मी भाजीवाली, कोळीण, विटा वाहणारी मजूर बाई, आणि एका वर्षी डोक्यावर पाटी घेतलेली कोळसेवाली. मला काही वाईट वाटायचं असं नाही. कोळसेवालीला पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि परीला उत्तेजनार्थ. रंगवताना आई खुशीत असायची. "मेघनाचं बरं आहे, तिला फार लावावं लागत नाही," असं ती शेजारच्या काकूंना सांगायची, आणि काकूही कौतुकानं मान हलवायच्या. मीही हसायचे. मला ते माझं कौतुकच वाटायचं.

हे वर्षातले चार-दोन दिवस. बाकीच्या दिवसांत आईचा खटाटोप उलट्या दिशेनं चालायचा. दर रविवारी अंघोळीच्या आधी वाटीत डाळीचं पीठ, दुधावरची साय आणि चिमूटभर हळद कालवली जायची. चमचा वाटीवर आपटल्याचा तो टिंग टिंग आवाज ऐकला की मी पलंगाखाली शिरायचे आणि आई मला पायाला धरून बाहेर ओढायची. चेहरा, मान, कोपरं, गुडघे. वाळलं की ती ते उलट्या हातानं खसाखसा चोळून काढायची, डोळ्यांतून पाणी यायचं. केतकीला साबण पुरायचा. "तू माझ्यावर गेलीस ना बाई," आई चोळता चोळता म्हणायची. ती स्वतः सावळी होती, माझ्याहून कणभर जास्तच.

अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनला आलो तरी रविवार चुकला नाही. आमचं अपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर होतं, भिंती पातळ, जमिनीवर गालिचा, आणि विमानतळ जवळ असल्यामुळे दर थोड्या वेळानं विमान डोक्यावरून गेलं की भांड्यांच्या मांडणीतले पेले किणकिणायचे. आई त्या पेल्यांना रागवायची. फोडणी दिली की छतावरची ती धुराचा इशारा देणारी पांढरी तबकडी बोंब मारायची, मग केतकी खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालायची आणि मी खिडकी उघडायचे. बाबा कंपनीच्या व्हिसावर आलेले, सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. आईला इंग्रजी वाचता यायचं पण बोलायची वेळ आली की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. नागपूरला अख्खी कॉलनी जिच्या आवाजाला वचकून असायची ती बाई इथे दारावर टकटक झाली की मला पुढे करायची.

मला सातवीत घातलं होतं. इतिहास शिकवायला मिसेस हॅरिस होत्या. घरी आम्ही त्यांना हॅरिसबाई म्हणायचो. उंच, रुंद खांद्यांच्या, केस घट्ट विणून मागे बांधलेले, आणि आवाज असा की वर्गात कधी चढवावाच लागला नाही. त्या काळ्या होत्या हे मी पहिल्या दिवशी घरी येऊन सांगितलं तेव्हा आईनं विचारलं, "शिकवतात चांगलं?" मी म्हटलं फार छान. "मग झालं तर," आई म्हणाली. माझ्या बसच्या सीटवर शेजारी मोनिक बसायची, तीही काळी. तिनं मला बस कुठे थांबते, कॅफेटेरियात रांग कशी लावायची आणि कुठल्या पोरांपासून लांब राहायचं हे शिकवलं. बदल्यात तिला माझ्या डब्यातला मुरंबा-पोळीचा रोल लागायचा. आई मुद्दाम दोन रोल द्यायची.

हॅरिसबाईंचा एक शिरस्ता होता. आपल्या राज्यात, म्हणजे व्हर्जिनियात, सुरुवातीला माणसं राबायला कशी आणली, हा धडा आला की त्या पुस्तक मिटून ठेवायच्या. गोष्ट एखाद्या वस्तूपासून सुरू व्हायची. कुदळ. तंबाखूचं पान. मक्याच्या पिठाचं मापटं. हे कोणाच्या हातात होतं, कोणासाठी होतं, संध्याकाळी ते खाली ठेवून तो माणूस जाऊ शकत होता का? त्यांनी आम्हाला सांगितलं की सुरुवातीला इंग्लंडातून गरीब गोरे लोकही करारावर आले होते. जहाजाचं भाडं मालकानं भरलं म्हणून काही वर्षं त्याच्याकडे राबायचं, मार खायचा, उपाशी राहायचं. पण जगला वाचला तर करार संपायचा. आफ्रिकेतून बांधून आणलेल्यांचा करारच नव्हता, मग तो संपणार कुठून? मक्याच्या पिठाचं मापटं दाखवलं त्या दिवशी त्या म्हणाल्या, एवढं पीठ आठवड्याला मिळायचं, ते पाण्यात मळून चुलीच्या राखेत भाजायचे. तेव्हा मी त्या वर्गात पहिल्यांदा हात वर केला. आमच्याकडे शेतात गोवऱ्यांच्या राखेत रोडगे भाजतात हे मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. हॅरिसबाई खूश झाल्या. रोडगे कोण भाजतं, कोण खातं, सोबत काय असतं, सगळं विचारलं. मी सांगितलं, वांग्याची भाजी, वरण, भरपूर तूप. त्या म्हणाल्या, मग तुमची ती मेजवानी आहे; इथे तूप मालकाच्या घरात जायचं आणि राख बाहेर राहायची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कायदा सांगितला. मला तो क्षण आजही जसाच्या तसा आठवतो, कारण मला वाटलं होतं की माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून माझी काहीतरी गफलत होतेय. त्या म्हणाल्या, इथल्या गोऱ्या मालकांनी कायदा केला की जन्माला येणारं मूल गुलाम की मोकळं, हे त्याच्या आईवरून ठरेल. आई गुलाम तर मूल गुलाम. बाप कोणीही असो. बाप खुद्द मालक असला तरी. मी मोनिककडे बघितलं. ती वहीवर पेन्सिल दाबून काहीतरी गिरवत होती, तिनं वर पाहिलं नाही. मी हात वर करून विचारलं, आईवरून म्हणजे नेमकं कसं? हॅरिसबाईंनी तेच वाक्य सावकाश पुन्हा सांगितलं. मी ते बरोबरच ऐकलं होतं. बाळ अजून जन्मलंही नाही, आणि त्याचं सगळं ठरून गेलेलं!

धड्याच्या शेवटी शाळेच्या लायब्ररीत एक प्रदर्शन भरायचं होतं. प्रत्येकानं त्या काळातली एक वस्तू घेऊन उभं राहायचं आणि बघायला येणाऱ्या आईबापांना तिची गोष्ट सांगायची. हॅरिसबाईंनी बजावलं होतं की तुम्ही ते माणूस व्हायचं नाही, तुम्ही तुम्हीच राहून त्याच्याबद्दल बोलायचं. कोणाला त्या काळचे कपडे घालायचे असतील तर हरकत नाही, पण ते ऑप्शनल. मी राखेत भाजलेली मक्याची भाकरी आणि ती भाजणारी आई निवडली. घरी येऊन सगळं सांगितलं. आईच्या कानात त्यातलं एकच गेलं. तिनं हात पुसले, जाऊन कपाटातून बोचकं काढलं आणि जमिनीवर सोडलं. मी म्हटलं, आई, कपडे ऑप्शनल आहेत. आई म्हणाली, "ऑप्शनल म्हणजे ज्यांना हौस नाही त्यांच्यासाठी."

तिचंही चुकलं म्हणवत नाही. आमच्याकडे ऑप्शनल गोष्ट जो करतो त्यालाच बक्षीस मिळतं, हे तिनं उभ्या जन्मात पाहिलं होतं. आणि या परक्या गावात, जिथे तिला दुकानदाराशीही बोलता येत नव्हतं, तिथे ही एकच गोष्ट अशी आली होती जी तिला सगळ्यांपेक्षा चांगली येत होती. तिचा चेहरा किती दिवसांनी असा फुलला होता. जुन्या सुती साडीचा घागरा झाला, डोक्याला बांधायला फडकं झालं, भाकरीसाठी तिनं मक्याचं पीठ शोधून आणलं. भाषण तिनं माझ्याकडून पाठ करून घेतलं, कुठे आवाज खाली आणायचा, कुठे हुंदका द्यायचा यासकट. मी त्या कायद्याचं मराठीत सांगितलं तेव्हा ती थांबली. "आईचं जे, तेच पोरीचं?" मी हो म्हटलं. "बाप्पा," ती म्हणाली आणि थोडा वेळ शिवणच धरून बसली. मग उठली आणि काजळ धरायला लागली.

बाजारातलं काजळ तिला चालायचं नाही. एरंडेलाचा दिवा, वर तांब्याचं ताम्हन पालथं, काजळी खरवडून तुपात कालवायची. चेहऱ्याला पुरेल इतकी काजळी धरायची म्हणजे अर्धा दिवस. छतावरच्या तबकडीनं आकाशपाताळ एक केलं, खालच्या मजल्यावरचे म्हातारे गृहस्थ वर आले, आणि मला पुढे करून आईनं सांगायला लावलं की पूजा आहे. केतकी टॉवेल फिरवून फिरवून थकली.

त्या सकाळी आईनं मला उजाडता उजाडता उठवलं आणि स्टुलावर बसवलं. कपाळापासून सुरुवात केली. बोटं गार होती आणि तुपाचा वास येत होता. "तुला फार लावावं लागत नाही," ती सवयीनं म्हणाली. पण लावलं मात्र तिनं भरपूर, कानामागे, मानेवर, हातांवर कोपरांपर्यंत. बाबा चहाचा कप घेऊन दारात आले, जरा जास्तच नाही का झालं, म्हणाले, आणि घड्याळाकडे बघून गाडीची किल्ली शोधायला गेले. कपडे चुरगळू नयेत म्हणून बसऐवजी त्यांनी मला गाडीतून शाळेत सोडलं. आई केतकीला घेऊन नंतर येणार होती, कॅमेरा आणि बाईंसाठी रव्याच्या लाडवांचा डबा घेऊन.

शाळेच्या दारातून आत शिरले आणि समोरच्या काचेमागे बसलेल्या ऑफिसातल्या बाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. कॉरिडॉरमध्ये पोरांचा गलका असायचा, तो माझ्या पुढे पुढे बंद होत गेला. मागे कोणीतरी फिसकन हसलं. मला वाटलं, जमलं बरं का! नागपूरला पण पडदा सरकला की असंच गप्प व्हायचे सगळे. मोनिक तिच्या लॉकरपाशी होती. मी हात हलवला. तिनं मला ओळखलंच नाही, आणि मग ओळखलं. ती दोन पावलं मागे गेली, तिची पाठ लॉकरला लागली. "तू असं का केलंस?" तिनं विचारलं. मोठ्यानं नाही, अगदी हळू. मी म्हणाले, हे माझं प्रोजेक्ट आहे. ती वळली आणि चालू पडली. तिला हाक मारायला तोंड उघडलं तोवर माझं मनगट कोणीतरी पकडलं होतं.

हॅरिसबाई मला शिक्षकांच्या बाथरूममध्ये घेऊन गेल्या आणि कडी लावली. नळ सोडला, साबण घेतला, कागदी टॉवेल ओले करून माझं तोंड पुसायला लागल्या. तुपातलं काजळ पाण्याला दाद देतं होय! ते पसरलं, राखाडी झालं, डोळ्यांत गेलं, त्यांच्या पांढऱ्या ब्लाउजच्या बाहीला लागलं. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. मी रडायला लागले कारण त्यांना काय झालंय हेच मला कळेना. मग त्या थांबल्या, त्यांनी पर्स उघडली आणि एक छोटी गोल डबी काढली. झाकण उघडताच वास आला आणि मी रडायची थांबले. खोबरेल! आमच्या घरचा वास, आजीच्या वेणीचा वास, या बाईंच्या पर्समध्ये. त्या ते केसांना लावायच्या. त्यांनी बोटांवर खोबरेल घेतलं आणि माझ्या गालांवर चोळलं, आणि काजळ सुटायला लागलं.

"हे कोणी लावलं?"

"आईनं."

"का?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, त्या काळच्या बाईसारखं दिसावं म्हणून. तुमच्यासारखं.

त्यांचा हात माझ्या गालावर तसाच राहिला. मग त्यांनी मला खांद्याला धरून आरशाकडे वळवलं, आपली बाही वर सरकवली आणि स्वतःचा हात माझ्या पुसलेल्या हाताशेजारी धरला. "बघ," त्या म्हणाल्या. मी बघितलं. त्यांचा हात आणि माझा हात एकाच रंगाचे होते. सांगा मला, इतके महिने मी त्या बाईंच्या समोर बसत होते, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं! आमच्या घरी त्या काळ्या होत्या आणि मी सावळी. डाळीच्या पिठानं उजळण्यासारखी. मला खरंच वाटत होतं की त्यांच्यासारखं दिसायला मला रंग लावावा लागेल.

काजळ पुसत पुसत त्यांनी मला सांगितलं की या देशात गोरे लोक तोंडाला काळं फासून नाटकात उभे राहायचे, काळ्या माणसांची टिंगल करायला, आणि सगळं थिएटर पोट धरून हसायचं. त्यांच्या आजोबांनी ते पाहिलं होतं. "तुला हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला मी होते आणि मला सुचलं नाही," त्या म्हणाल्या. मी विचारलं, तुम्ही माझ्यावर रागावलात? त्यांनी टॉवेल चुरगळून टोपलीत टाकला. "हो, रागावले आहे. पण तो सगळा राग तुझा नाही." मी पुढे अनेक वर्षं शिकवलं, अजून शिकवते, याच राज्यात, याच इयत्तेला, हाच धडा. चिडलेल्या क्षणी मुलाशी खरं बोलावं हे मी त्या बाथरूममध्ये शिकले.

बोलायचं की नाही हे त्यांनी माझ्यावर सोडलं. मी बोलेन म्हटलं. डोक्याचं फडकं काढलं, त्यांनी आपला स्वेटर माझ्या अंगावर चढवला, आणि मी चोळून लाल झालेल्या, खोबरेल माखलेल्या तोंडानं लायब्ररीत भाकरी घेऊन उभी राहिले. हुंदके दिले नाहीत. ही भाकरी भाजणाऱ्या बाईचं नाव कोणी लिहून ठेवलेलं नाही, तिला मुलगी झाली तेव्हा ती मुलगीही मालकाची झाली, कारण कायदा तसा होता, एवढंच सांगितलं. मोनिक पलीकडच्या टेबलापाशी उभी होती. ती ऐकत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती.

तेवढ्यात आई आली. जरीची साडी, एका हातात केतकी, दुसऱ्या हातात लाडवांचा डबा, गळ्यात कॅमेरा. लांबूनच तिनं माझा चेहरा पाहिला आणि तरातरा पुढे आली. "कोणी पुसलं?" हॅरिसबाई पुढे झाल्या तशी आईनं त्यांना गाठलं. पार्शलिटी झाली अशी तिची पक्की खात्री पटली होती. नागपूरला परीक्षकांशी भांडायची तोच आवेश, आणि त्या आवेशात तिची बंद पडलेली जीभ सुटली. "आय गेट अप अर्ली मॉर्निंग. आय डू ऑल दिस. व्हाय यू रिमूव्ह?" आजूबाजूचे आईबाप वळून बघायला लागले. हॅरिसबाईंनी आईकडे नीट पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडे, डबा धरलेल्या हाताकडे. मग मला म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, तुमची मुलगी माझ्याच रंगाची आहे. तिला रंगवायचं कारण नव्हतं."

मला ते गुळमुळीत करून सांगता आलं असतं. एरवी मी तसंच करायचे, घरमालकाचं आईला आणि आईचं घरमालकाला. पण मला ते वाक्य मराठीत ऐकायचं होतं. मी म्हटलं, "आई, त्या म्हणतात, मी त्यांच्याच रंगाची आहे."

आईला मी चिडलेली पाहिली होती, रडताना पाहिली होती. तसा चेहरा मात्र कधी पाहिला नव्हता. भर चौकात कोणी तिच्या श्रीमुखात भडकवली असावी असा झाला. तिनं डबा जवळच्या टेबलावर ठेवला, केतकीचा हात ओढला आणि मागे न बघता निघून गेली. सकाळी मला ज्या रंगात बुडवून काढली, तो माझाच आहे म्हटल्यावर तिला अपमान वाटला! म्हणजे माझा रंग ही माझ्या आईच्या लेखी शिवी होती. लायब्ररीत इतकी माणसं होती, पण मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

संध्याकाळी आईनं बाबांना सांगितलं की त्या बाईनं माझा पाणउतारा केला. बाबा दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका जुन्या सहकाऱ्याशी त्या काळं फासण्याबद्दल बोलले आणि घरी आले ते बूटही न काढता स्वयंपाकघरात गेले. दार लोटलेलं होतं. बाबांचा आवाज बराच वेळ हळू येत राहिला. मग आईचा आवाज आला, "मी माझ्या लेकीला तसलं करून पाठवलं? त्या बाईच्या पुढ्यात?" भांडी घासायचा आवाज थांबला. त्या रात्री पोळ्या बाबांनी केल्या, जाड आणि कच्च्या. केतकीनंही कुरकुर केली नाही.

शुक्रवारी हॅरिसबाईंनी आमचा डबा माझ्याकडे दिला, घासूनपुसून लख्ख. जड लागला म्हणून बसमध्ये उघडून पाहिला तर आत मक्याच्या पिठाच्या पिवळ्या वड्या होत्या, खमंग भाजलेल्या, खाली फॉइल. शेजारची सीट रिकामी होती. मोनिक पुढे बसली होती आणि पुढेच बसत राहिली. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा बोलायला लागलो, हसलोही, पण मुरंब्याचा रोल तिनं परत कधी मागितला नाही. मी तिला दोष देत नाही. घरी डबा आईपुढे ठेवला. तिनं झाकण उघडलं, बराच वेळ बघत राहिली. "रिकामा डबा परत पाठवत नाहीत हे यांना कोणी सांगितलं?" ती म्हणाली. तिनं तोंडात मात्र काही टाकलं नाही. डबा ओट्यावरच राहिला.

आणि मग रविवार आला. मी अंथरुणात होते आणि स्वयंपाकघरातून आवाज आला. टिंग टिंग टिंग. माझा विश्वासच बसेना. एवढं सगळं झालं, तिनं ऐकलं, तिला पटलं, आणि रविवार उजाडला तशी वाटी घेऊन हजर! मी उठून बाथरूममध्ये गेले. आई टबाच्या काठावर बसून होती, साडी खोचलेली, वाटी मांडीवर. "ये," ती म्हणाली.

"मला आजपासून काही लावायचं नाही," मी म्हटलं. "काळं करायला नाही आणि गोरं करायलाही नाही."

आईनं मान वर केली. मला वाटलं, आता पाय धरून ओढेल. ती वाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली की तिची आई तिला सकाळ-संध्याकाळ लावायची. पाहुणे बघायला यायचे, कांदेपोहे खायचे, मुलगी गुणी आहे पण रंगानं डावी आहे असा निरोप यायचा. मग तिची आई अजून जोरात चोळायची. "तू माझ्यावर गेलीस ना," ती म्हणाली. "तुझं तसं होऊ नये म्हणून." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ते तू सांगितलं होतंस ना. आईचं जे, तेच पोरीचं."

"तो त्यांचा कायदा होता, आई," मी म्हटलं. "त्यांच्यावर लादलेला. आपल्याला कोणी सांगितलाय?"

आज या वयात मला ठाऊक आहे की आमच्या घरचं डाळीचं पीठ आणि त्या भाकरी भाजणाऱ्या बाईचं जन्माचं दास्य एका तराजूत घालायचं नसतं. माझ्या वर्गातली मुलं तसं करायला लागली तर मीच त्यांना थांबवते. पण त्या वेळी माझ्याकडे दुसरे शब्द नव्हते, आणि आईला ते पोचले. आता आई माझ्याजवळच राहते, खालच्या खोलीत, तिचे केस पिकून पांढरेशुभ्र झालेत. त्या दिवसाबद्दल आम्ही बोलत नाही, म्हणजे शब्दांत तरी नाही.

ती उठली आणि वाटी घेऊन गेली. मी टबाच्या काठावर बसून राहिले. ती वाटी मोरीत ओतेल असं वाटलं होतं, पण मला विळीचा आवाज आला. मग कोथिंबिरीचा वास, मग मिरचीचा ठसका, आणि तव्यावर काहीतरी चुर्र झालं. मी गेले तर आईनं त्या पिठात पाणी, मीठ, मिरची, कांदा घालून धिरडी टाकायला घेतली होती, साय आणि हळदीसकट. पहिलं धिरडं आमच्याकडे कायम केतकीचं असायचं. ते तिनं माझ्या ताटात टाकलं. केतकी डोळे चोळत आली आणि म्हणाली, हे तर ताईच्या तोंडाला लावायचं आहे. "आता खायचं आहे," आई म्हणाली.

छतावरची तबकडी ओरडायला लागली. आईनं लक्ष दिलं नाही. ओट्यावरच्या डब्यातून तिनं मक्याची एक वडी काढली, वाळून कडक झाली होती, ती चहात बुडवून उभ्या उभ्या खाल्ली आणि दुसरी घेतली. मग डबा विसळून पुसला, आत केळीचं पान नव्हतं म्हणून पेपर टॉवेलची घडी घातली, आणि त्यावर एकावर एक धिरडी रचायला लागली. माझ्याकडे पाठ होती तिची.

"त्या बाईंना तिखट चालतं का," ती म्हणाली, "विचार बरं उद्या."